वरून वाळलेले लाडू

मामांबरोबर शेवटचं रोजच्यासारखं काम केलं ते लाडू फोडायचं. दिवस कलला की आम्ही दोघं शेडच्या मागं पोत्यावर बसायचो. मधे जाड पत्रा. प्रत्येक ढिगातले पाच लाडू मी निवडून आणायचो आणि मामा ते हातोडीनं फोडायचे. अर्धुक उचलून त्याच्या पोटाला अंगठा लावायचे, मग तेच गालाला लावायचे. कोरडं असलं तर म्हणायचे, "चालला." ओलं असलं तर नुसते माझ्याकडं बघायचे, जसं काय आत पाणी मीच घातलंय.

त्या दिवशी तीन ढीग झाले. चौथ्यापाशी मी वाकलो तेवढ्यात त्यांच्या दौंडकडच्या गाडीची वेळ झाली. मामा उठले, हातोडी फडक्यात गुंडाळून भिंतीला अडकवली. "चौथा सकाळी, फायरमन," म्हणाले आणि केडगाव टेशनाकडं चालू लागले. मी पत्रा झाडला, हात धुतले, घरी गेलो. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघं त्या पोत्यावर तसे कधी बसलो नाही.

पुढं काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या हिनं शपथ घातली होती. गेल्या वर्षी ती गेली. मामा तर त्याच्या आधीच वारले, सोलापूरला लेकीकडं. आता शपथ कुणासाठी पाळायची? आमच्या भागात अजून कुणी मामांचं नाव काढलं की म्हणतं, "त्यो व्हय, ज्यानं ओला माल धाडला त्यो म्हातारा." हे ऐकायचा मला कंटाळा आलाय. मी चौथी नापास माणूस. लिहायची हौस नाही. पण एवढं लिहून टाकलं की माझ्या छातीवरचं उतरंल.

लाडू म्हणजे खायचे नव्हेत. पोलादाच्या कारखान्यात तापलेलं लोखंड लाटताना त्याच्यावरनं काळी खपली गळते. भट्टीच्या धुराड्यात बारीक धूळ साठते. दोन्हीत लोखंड भरपूर, पण तसंच भट्टीत टाकलं तर अर्धं उडून जातं. आमच्या शेटनं चौफुल्याच्या अलीकडं शेड टाकली. तो कचरा ट्रकनं आणायचा. त्यात चुन्याची फक्की टाकायची, आणि मळी. मळी म्हणजे कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा चिकट पाक. आमच्याकडं ऊस काय कमी नाही, मळी पाहिजे तेवढी. सगळं कालवून यंत्रात दाबलं की वाटीएवढा चपटा गोळा पडायचा. तो वाळून मुरला की दगड. मग ट्रक भरून परत भट्टीला.

शेट त्याला ब्रिकेट म्हणायचा. आमची ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं बया, ह्ये तर काळ्या तिळाचं लाडू!" तेच नाव पडलं. शेटसुद्धा फोनवर चुकून लाडू म्हणायला लागला.

मी फावड्यानं माल कालवणारा. ही आठ बायांची मुकादमीण. यंत्रातनं पडलेले लाडू पोत्यांवर मांडायचे, दिवसातनं दोनदा उलथायचे, हे बायांचं काम. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मामा.

मामा दौंडच्या लोकोशेडमधले. सगळी हयात कोळशाच्या इंजिनात फायरमन म्हणून गेली. ती इंजिनं बंद पडली आणि मामा रिटायर झाले. पण आगीची आणि मामांची ओळख मोडली नव्हती. कुठला कोळसा कसा जळतो, ओल कुठं लपते, हे त्यांना वासावर कळायचं. म्हणून शेटनं त्यांना आणलं. मी फावडं मारतो म्हणून त्यांनी मला फायरमन करून टाकलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं का नव्हतं, देव जाणे.

मळीचा टँकर आला की मामा आधी बोट बुडवून चाटायचे. ड्रायव्हर हसायचे. एकदा एकानं विचारलं, "मामा, चपाती देऊ का?" मामांनी जीभ टाळ्याला लावून चटचट केलं आणि म्हणाले, "चपाती ऱ्हाऊ दे. वाटंत हिरीवर कुठं थांबला व्हतास, त्ये सांग." त्या टँकरमध्ये पाणी मारलेलं निघालं. तेव्हापासून मामांचं बोट तोंडात असेपर्यंत ड्रायव्हर लोक लांब बिडी ओढत उभे राहायचे.

घड्याळ नव्हतं त्यांच्याकडं. गाड्यांवर चालायचे. सोलापूरकडची एक्स्प्रेस गेली की यंत्र सुरू, मालगाडी गेली की जेवण. गाडी उशिरा आली तर आमचं जेवणही उशिरा. बाया कुरकुरायच्या. मामा म्हणायचे, "गाडी चुकती का तुमची भूक चुकती? गाडीला रूळ हाय. भुकंला काय हाय?"

रुळाचं तर वेडच होतं. रुळावर नसलेल्या कुठल्याच वाहनात मामा बसायचे नाहीत. एसटी नाही, जीप नाही, फटफटी तर नाहीच. "रूळ न्हाई म्हंजी भरवसा न्हाई. ज्याला वाटंल तिकडं वळता येतं, त्यो कुटंबी वळतो." सकाळची शटल दौंडहून केडगावला, तिथनं पायी शेडवर. संध्याकाळी उलटं. शेटच्या पोरीचं लग्न शिरूरला होतं, मोटार पाठवली, तरी गेले नाहीत. म्हणाले, "शिरूरला रूळ टाकला की येतो."

खंडेनवमीला आम्ही यंत्राची, फावड्यांची पूजा करायचो. मामा त्यात एक लाडू ठेवायचे, आणि शेजारी एक फुटलेला. कुंकू आधी फुटलेल्याला. मी विचारलं तर म्हणाले, "धडका लाडू काय शिकवतो? हात जोडून घेतो आन् बसतो. शिकीवलं ह्येनं."

एकदा पुण्याहून एक इंजिनीअर आला. हातात कागद, गळ्यात टाय. म्हणाला, दोन दिवसांत माल भरता येतो, तुम्ही सहा-सहा दिवस कशाला ठेवता? मामांनी दोन दिवसांचा एक लाडू उचलून त्याच्या हातात दिला. "पँटीच्या खिशात ठेवा सायेब, आन् शेड बघून या." इंजिनीअर हसत हसत खिशात घालून फिरला. परत आला तवा त्याच्या मांडीवर काळी चिकट पट्टी उतरलेली. मामा म्हणाले, "घाई करायची आसंल तर फुलं इका. ह्यो लोखंडाचा धंदा हाय."

सहा दिवसांची गोष्ट हट्टाची नव्हती. भट्टीत खाली लोखंड वितळलेलं असतं, पाण्यासारखं, आणि लाडू वरनं टाकतात. लाडवाच्या पोटात ओल असली आणि ती त्या लोखंडाखाली सापडली की त्या पाण्याची एका दमात वाफ होते. वाफेला जागा लागते. ती सगळं वितळलेलं लोखंड घेऊन वर येते, भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर. मामांनी हे एकदाच सांगितलं होतं, सगळ्या बायांना समोर उभं करून. परत कधी सांगितलं नाही. परत नुसती हातोडी.

आमच्या हिचं आणि मामांचं या हातोडीवरनं रोज वाजायचं.

"चांगलं लाडू फोडता मामा. मुठीत धरलं की कळतंय वाळलंय का न्हाई."

"तुला कळतंय, बाई. लाडवाला कळतंय का?"

"मी जल्मभर गवऱ्या थापल्या. एक कच्ची गवरी कधी चुलीत गेली न्हाई माझी. तुमी फकस्त कोळसा टाकला इंजनात."

"व्हय. म्हून मला कोळशाचं कळतं. गवरीचं मला इचारू नको आन् लाडवाचं मला सांगू नको."

ती तोंड वाकडं करून जायची आणि वळणाआड गेली की हसायची. मामांच्या डब्यात रोज एक कांदा आमच्या घरचा असायचा. तो कोण ठेवतं हे मामांनी कधी विचारलं नाही.

आता त्या सकाळचं.

थंडीचे दिवस होते. कोरडं वारं सुटलेलं. शटल आलीच नाही. पुढं कुठं तरी मालगाडी अडकली होती, सगळ्या गाड्या थांबल्या. दौंडच्या फलाटावर लोकं उतरून एसटीनं गेली. मामा बसून राहिले. रूळ मोकळा होईल तवा होईल.

इकडं आठलाच ट्रक येऊन उभा. शेट म्हणाला, "भरा." मी म्हणालो, मामा आल्याबगर कसं? शेट म्हणाला, "भट्टीवाले तिकडं थांबलेत. सहा दिवस झालेत ना चौथ्या ढिगाला?"

सहा झाले होते. पण थंडीतले सहा. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी हिला हाक मारली. "बघ गं जरा."

ती आली. ढिगातला लाडू उचलला, तळ बघितला. पोत्याला चिकटला नव्हता, साफ सुटला. नखानं टकटक केलं, आवाज कोरडा आला. कडा पांढरट. गवरी वाळली की अशीच दिसते. तिनं चार-पाच ठिकाणचे उचलून बघितले. घाईनं नाही, नीट बघितलं. मग म्हणाली, "वाळल्यात की. भरा."

हातोडी भिंतीला होती. मी ती उचलून एक लाडू फोडायला किती वेळ लागला असता? पण बायकोनं सांगितलं, शेट घाई करतोय, आणि हातोडी मामांची. मी वहीत सही ठोकली. माझी अक्कल त्या दिवशी कुठं गेली होती ते मला अजून सापडलं नाही.

ट्रक दहाला गेला. मामा साडेअकराला आले. आल्या आल्या चौथ्या ढिगाच्या जागेकडं बघितलं. तिथं तळाचे पंधरा-वीस लाडू उरले होते. कुणाला काही न विचारता हातोडी काढली, एक फोडला.

आत काळं, ओलं, चकाकणारं. वरनं कडक आणि पोटात भिजल्या पिठासारखं. दुसरा फोडला. तोही तसाच.

मामांनी या वेळी माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाले, "भट्टी कुठली?"

"शिरूरच्या पल्याडची."

शेट फोनकडं पळाला. फोन लागेना. नुसतं खरखरत होतं. ही पाण्याच्या पिंपापाशी उभी होती.  "मामा, मी..." म्हणाली.

मामा मला म्हणाले, "तुझी फटफटी हाय न्हवं?"

"हाय. पर मामा, तुमी..."

"काढ."

मामा आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसले. माझ्या पोटाला असा विळखा घातला की श्वास घेणं मुश्कील. डोळे गच्च मिटलेले. हातोडी आमच्या दोघांच्या मधे, तिचा दांडा माझ्या पाठीत. पारगावच्या पुलावर मी म्हणालो, मामा, जरा ढिला हात. ते म्हणाले, "मोटारमनशी बोलायची परवानगी न्हाई. चालीव." न्हावऱ्यात हॉटेलावर ट्रक थांबतात, तिथं बघितलं. नव्हता. तिथनं शिरूरपर्यंत मामा एकच बोलले. "किती माणसं आस्त्याल रं भट्टीवर?" मी म्हणालो, सहा-सात.  समोरनं उसाच्या गाड्या येत होत्या. मला प्रत्येक गाडीत आमचीच ही बसलेली दिसत होती.

फाटकातनं आत शिरलो तर आमचा ट्रक रिकामा उभा. मामा फटफटी थांबायच्या आधीच उतरले, पडले, उठले, पळाले. भट्टीच्या अंगणात लाडवांचा ढीग ओतलेला. दोन गडी घमेली भरत होते. तोंडापाशी तिघं-चौघं तयारीत. आतला उजेड त्यांच्या तोंडावर.

मामा गेले आणि त्या ढिगावर मांडी घालून बसले.

भट्टीचा मिस्त्री बिहारकडचा होता. ओरडला, "अरे बाबा, हटो! टाइम नहीं है!"

मामा म्हणाले, "पैले मेरेकू डालो. बाद में ये डालो."

सगळे थबकले. एक हसला. त्यांना वाटलं म्हातारा पिऊन आलाय. मिस्त्री हात धरून ओढायला आला. मामांनी बसल्या जागी एक लाडू मांडीखालच्या लाडवावर ठेवला, हातोडी मारली आणि अर्धुक त्याच्या तळहातावर ठेवलं. मिस्त्रीनं बोट लावलं. वास घेतला. मग त्यानं जे केलं ते बघून मला बरं वाटलं. त्यानं ते अर्धुक आपल्या गालाला लावलं, अगदी मामांसारखं. आणि खाली बसला. मटकन.

"कितना डाला अंदर?" मामांनी विचारलं. मागं वळून मिस्त्रीनं आपल्या माणसांना विचारलं. एकजण म्हणाला, "अभी तो एक भी नहीं, चाचा. पहला घमेला हाथ में था."

 मी तिथंच भिंतीला टेकलो आणि रडलो. मोठ्यानं. मला लाज वाटली नाही, आताही वाटत नाही. मिस्त्रीनं चहा मागवला. सहा जण होते ते. एकाच्या हातावर त्याच्या पोराचं नाव गोंदलेलं होतं, ते मला अजून आठवतं. सहाही जण चहा पीत होते, मिशा पुसत होते, एकमेकांना शिव्या देत होते. चहा पिणारी माणसं बघून एवढा आनंद मला परत कधी झाला नाही.

परत येताना मामांनी डोळे उघडे ठेवले होते. न्हावऱ्याच्या पुढं म्हणाले, "ह्या बाजूला ज्वारी बरी हाय."

शेडवर शेट वाट बघत होता. सगळी कामं बंद करून माणसं गोळा झाली होती. आम्ही सांगितलं, कुणाला काही झालं नाही. ही त्या पिंपापाशीच होती, सकाळपासून हलली नसावी. ऐकल्यावर तिनं पदर तोंडात धरला.

शेटचा आधी जीव भांड्यात पडला आणि मग त्याला राग आला. "पास कुणी केला माल?"

मी पुढं झालो. तोंड उघडलं.

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही तर नव्हता, मामा."

"कालच बघून गेलो व्हतो. फायरमनला सांगितलं व्हतं, चौथा भरा म्हून. त्यानं सही क्येली, पर सांगणं माझं."

शेट मूर्ख नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. पण इतक्या माणसांपुढं त्याला कुणाला तरी बोलायचंच होतं. "मग उद्यापासून नका येऊ," म्हणाला. मामांनी मान हलवली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि टेशनाकडं निघाले. मी मागं पळालो. "मामा, ह्ये खोटं हाय. म्या सांगतो शेटला."

"काय सांगशील? तुझी बायकू चुकली म्हून? आन् मी फलाटावर रूळ मोकळा व्हायची वाट बघत बसलो, त्ये कोण सांगनार? एस्टीनं आलो आस्तो तर नवाला शेडवर आस्तो. जा घरी. तिच्यापाशी बस."

घरी हिनं चूल पेटवली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. मी परत सांगितलं, कुणाला काही झालं नाही. ती म्हणाली, "झालं न्हाई ते मामांमुळं. मी तर वर धाडलीच व्हती ना सहा माणसं." मग म्हणाली, "आन् मामांची भाकरीबी मीच खाल्ली." मग आपले हात पुढं करून बघत राहिली, जसे काय ते दुसऱ्या कुणाचे. म्हणाली, "ह्या हातांनी आता मी कशाला हात लावणार न्हाई." कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली ती तेव्हाच. मी खूप बोललो. माझ्या बोलण्यानं कधी कुणाचं काही झालंय? ती जेवली नाही, मी पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटल गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं अंगणात खाकरणं ऐकू आलं. मामा. शेडकडं न वळता आमच्या घरी. त्याआधी कधी आले नव्हते.

ही उठली, डोईवर पदर घेतला, बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी बसली. "मामा, मारा मला."

"मारतो मग," मामा म्हणाले. "आधी गवरी थापायला शिकीव."

ती वर बघायला लागली.

"खरं सांगतो. मला झोप लागंना. तुझ्या हाताला त्ये वाळलं वाटलं. तुझा हात काय खोटं बोलणारा न्हाई. मंग गवरीत असं काय हाय, जे लाडवात न्हाई? त्ये मला कळाया पायजे. मी जल्मात गवरी थापली न्हाई. कुठं हाय तुझं शेण?"

मी गोठ्याकडं बोट दाखवलं. मामांनी चपला काढल्या, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि कडेच्या पाटीत दोन्ही हात घातले. तोंड वाकडं केलं नाही. अंगणात उकिडवे बसून थापायला लागले. पहिली गवरी त्यांच्या बोटांना चिकटून वर आली. दुसरी पसरून पापड झाली.

ही बघत होती. नुसती बघत होती. तिसरी थापली तवा तिच्यानं राहवेना.

"भुसा कुठं टाकला त्यात? भुसा टाका आधी. भुश्यानं तर आतली ओल वाट काढती."

"हां," मामा म्हणाले. "हे बघ. लाडवात भुसा न्हाई. मळीची साय धरती वर आन् ओल आत कोंडती. सांग पुढं."

"मळा नीट. कणकीगत. असं न्हाई मामा, अवो, मनगट लावा!" ती शेजारी बसली. तिचे हात पाटीत गेले. तिचं तिलाही कळलं नाही. भुसा टाकला, मळलं, गोळा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी थापला. तिनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "ही गवरी न्हवं. म्हशीनं टाकली व्हती तशीच हाय."

मी घाबरून मामांकडं बघितलं. आजवर त्यांच्या हातच्या कामाला कुणी असं नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

मामांनी थापलेल्या चारही गवऱ्या उकरून काढल्या, गोळा केल्या, त्यात मूठभर भुसा टाकला आणि मनगट लावून पहिल्यापासून मळायला घेतलं.